काठावरची गर्दी

पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांना रक्त-लघवी तपासणारे डॉक्टर आठवतात. माझं काम त्याच्या शेजारचं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, बायोप्सीचा तुकडा, जबड्याचा किंवा आतड्याचा कापलेला भाग माझ्या टेबलावर येतो. त्याचे पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली जातात आणि हा कॅन्सर आहे का, असला तर कोणता, कितपत आक्रमक, हे मी लिहून देते. मिरज-सांगली भागात या कामात माझी बरीच वर्षं गेली. पेशंटपेक्षा त्यांच्या घरच्यांशीच माझी जास्त ओळख, कारण ‘तुकडा तपासायला दिलाय, झाला का रिपोर्ट?’ म्हणत खिडकीशी तेच येतात.

रिपोर्टचा साचा ठरलेला असतो. गाठ किती सेंटिमीटरची, ग्रेड कितवी, मार्जिन मोकळे आहेत का, काखेतल्या किती गाठींत रोग उतरलाय. एमडी करताना आमच्या डोक्यात हेच पक्कं बसवलं गेलं, आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. पण हा सगळा मजकूर रोगाविषयी असतो. ज्या शरीरात तो वाढला त्या शरीरानं काय केलं, याबद्दल शेवटी एखादी ओळ असायची: ‘लिम्फोसाइटिक प्रतिसाद मध्यम’. ती सर्जन वाचत नसत, ऑन्कॉलॉजिस्ट वाचत नसत आणि बहुतेक ठिकाणी ती सवयीनंच लिहिली जाई. माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ रिपोर्टच्या तळातून वर सरकली. ती का सरकली आणि तिच्यावर किती विसंबावं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी ती ओळ ज्यांच्याबद्दल असते त्यांना पाहू. आमच्या रोजच्या एच अँड ई रंगात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि बाकीचं सगळं गुलाबी. कॅन्सरच्या पेशी थोराड असतात. केंद्रकं फुगीर, वेडीवाकडी, मध्येच एखादी पेशी दोन होण्याच्या बेतात. लिम्फोसाइट मात्र गोल गडद ठिपका. लाल रक्तपेशीपेक्षा जेमतेम मोठी, केंद्रकाभोवती पेशीद्रव्याची नुसती रेघ. काही गाठींत हे ठिपके काठावर थव्यानं जमलेले दिसतात. काहींत ते आत शिरून कॅन्सरच्या पेशींना खेटलेले असतात. मोठ्या भिंगावर गेलं तर अशा ठिकाणी एखादी कॅन्सरपेशी आक्रसलेली, भडक गुलाबी झालेली, केंद्रकाचा काळा चुरा झालेली सापडते. ती मेलेली असते. आणि काही गाठींत एकही ठिपका नसतो; गुलाबी तंतूंचे पट्टे आणि त्यांतून बिनघोर पुढे सरकणारा रोग.

हे दृश्य आमच्या धंद्याला नवीन नाही. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी 1863 मध्येच गाठींमधल्या पांढऱ्या पेशींची नोंद केली होती. मात्र त्यांचा तर्क असा की जिथे जुनाट दाह तिथे कॅन्सर उगवतो. म्हणजे या पेशी रोगाच्या बाजूच्या की शरीराच्या, हा वाद पहिल्या दिवसापासूनचा. पुढे वॉलेस क्लार्क यांच्या गटानं 1989 मध्ये त्वचेच्या मेलॅनोमात या पेशींचे तीन वर्ग वापरून दाखवले: ‘ब्रिस्क’ (दाट), ‘नॉन-ब्रिस्क’ (विरळ) आणि ‘अॅबसेंट’ (नाहीतच). ब्रिस्कवाले जास्त जगतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे मेलॅनोमा कमी, तोही बऱ्याचदा तळपायाचा. त्यामुळे परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि सोडून द्यायचं, असा आमचा खाक्या.

डोळे उघडले ते जर्नल क्लबमध्ये. 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरवर एक पेपर आला. वाढलेल्या कॅन्सरच्या 186 गाठी तपासल्या होत्या. ज्यांच्या गाठीत आतपर्यंत टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटांचाच एक प्रकार, शिरल्या होत्या, त्या बायकांपैकी 38 टक्के पाच वर्षांनी जिवंत होत्या. ज्यांच्यात शिरल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण होतं साडेचार टक्के. स्टेज तीच, ऑपरेशन तेच, औषधं तीच. आमचे सर सहसा पेपरातले दोष काढून मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी तक्ता दोनदा वाचायला लावला.

तीन वर्षांनी पॅरिसच्या जेरोम गालोन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर तोच प्रश्न नेटका मांडला. रोगप्रतिकारक पेशी कोणत्या, किती दाट आणि नेमक्या कुठे, या तीन गोष्टींवरून रोग परतेल का याचा अंदाज येतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातूनच ‘इम्युनोस्कोर’ ही पद्धत आली. गाठीचा गाभा आणि पुढे सरकणारा काठ, दोन्ही ठिकाणच्या सीडी3 आणि सीडी8 या खुणांच्या टी-पेशी कॉम्प्युटरनं मोजायच्या. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 13 देशांतल्या 2681 पेशंटांवरची पडताळणी छापून आली, त्यात अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होती. त्यातल्या पहिल्या गटात स्कोर वरचा असलेल्यांपैकी 8 टक्के लोकांत पाच वर्षांत रोग परतला, खालचा असलेल्यांपैकी 32 टक्क्यांत.

पण विशेष रंग, स्कॅनर आणि सॉफ्टवेअर जिल्ह्याच्या ठिकाणी आणायचं कुठून? माझ्यासारखीच्या कामात बदल घडवला तो 2014 साली ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या नियमावलीनं. अनेक देशांतल्या पॅथॉलॉजिस्टांनी मिळून ती केली आणि तिला जास्तीचं काहीही लागत नाही. रोजचीच एच अँड ई स्लाइड, रोजचाच मायक्रोस्कोप. गाठीच्या हद्दीत, कॅन्सरच्या पुंजक्यांच्या मधल्या जागेत, म्हणजे स्ट्रोमात, किती टक्के भाग लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापलाय ते लिहायचं. सडलेला भाग सोडायचा, चिमट्यानं चिरडलेला सोडायचा, हद्दीबाहेरची गर्दी धरायची नाही, न्यूट्रोफिल मोजायचे नाहीत. याला म्हणतात ‘टिल्स’, गाठीत शिरलेले लिम्फोसाइट.

सांगायला सोपं, करायला तेवढं नाही. डोळा आपोआप जिथे गर्दी दाट तिथे जातो, आणि नियमावली नेमकं तेच करू नका म्हणते. नजर पैसेवारी लावताना विहिरीकाठचं हिरवं वावर बघून साऱ्या गावाचा आकडा लावत नाहीत, तसंच हे. सगळी गाठ फिरून सरासरी सांगायची. माझा एक सहकारी आणि मी कधी कधी एकमेकांना न सांगता एकच स्लाइड पाहतो. पाच टक्के आणि साठ टक्के यांत आमचं कधी वाजत नाही. वाजतं ते पंचवीस की पस्तीस यावर. त्यामुळे ‘सत्तावीस टक्के’ असा रिपोर्ट मी देत नाही. नजरेला नसलेली अचूकता कागदावर आणण्यात अर्थ नाही.

या आकड्याचा सगळ्यात जास्त उपयोग ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-2, तिन्ही निगेटिव्ह असलेला हा प्रकार. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांचा. भारतातले अभ्यास एकत्र केले तर तो तीस टक्क्यांच्या आसपास जातो. हा रोग तडफेनं वाढतो, हार्मोनच्या गोळ्या त्याला चालत नाहीत, आणि पेशंट बऱ्याचदा चाळिशीच्या आगेमागे असते. पण याच प्रकारात लिम्फोसाइटांची गर्दी दिसण्याचं प्रमाणही जास्त. या रोगाच्या जनुकांत मोडतोड मोठी असते. त्यातून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराला ती परकी वाटतात.

2019 मध्ये 2148 पेशंटांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात टिल्स दर दहा टक्क्यांनी वाढले की मृत्यूचा धोका साधारण सोळा टक्क्यांनी उतरताना दिसला. त्या सगळ्या जणींना कीमो मिळाली होती. म्हणून शंका अशी की हा गुण कीमोचा की पेशींचा? त्याचं उत्तर 2024 मध्ये आलं. कीमो न घेतलेल्या 1966 जणींचा अभ्यास ‘जामा’मध्ये छापला गेला. पहिल्या स्टेजच्या, टिल्स पन्नास टक्के किंवा जास्त असलेल्यांपैकी 94 टक्के पाच वर्षांनंतरही दूरच्या अवयवात रोग न उतरता होत्या. टिल्स तीसच्या खाली असलेल्यांत हे प्रमाण 78 टक्के. म्हणजे काठावरची ती गर्दी औषधाविनाही काही करत होती. म्हणून अशांनी कीमो टाळावी का? आज तसं कुणी सांगत नाही. पुढच्या चाचण्यांनी ते ठरवायचं आहे, आणि तोवर असल्या बातमीच्या जोरावर कुणी कीमो नाकारू नये.

आता दुसरी बाजू. गाठीत पेशी दिसल्या म्हणजे त्या आपल्याच बाजूच्या, असं समजणारा फसतो. त्याच स्तनाच्या कॅन्सरमध्ये, पण हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात, टिल्स जास्त असलेल्यांचं आयुष्य उलट कमी भरल्याचं 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात निघालं. किडनीच्या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारातही सीडी8 पेशींची गर्दी बऱ्याचदा वाईट लक्षण ठरते. रेग्युलेटरी टी-पेशी एरवी शरीराच्या प्रतिकाराला आवरून धरतात. गाठीत त्याच लढणाऱ्या पेशींचा हात धरतात. मॅक्रोफेज तर अनेक कॅन्सरमध्ये रोगाला रक्तवाहिन्या पुरवून मदतच करतात. एच अँड ई स्लाइडवर लढणारा आणि लढून थकलेला लिम्फोसाइट सारखेच दिसतात. दोघंही निळे ठिपके. ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या बैठकीत, कुणी पेशींच्या गर्दीवरून ‘ही गाठ हॉट आहे, ती कोल्ड’ असं एका शब्दात उरकलं की मी आधी विचारते, कोणत्या अवयवाची आणि कोणत्या प्रकारची?

हीच गोष्ट रक्ताच्या रिपोर्टची. सीबीसीतल्या न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला लिम्फोसाइटच्या टक्केवारीनं भागलं की एक गुणोत्तर मिळतं. ते चारच्या वर असलेल्यांचं आयुष्य सरासरीनं कमी भरतं, हे 2014 मध्ये शंभर अभ्यासांतल्या चाळीस हजारांवर पेशंटांच्या माहितीतून पुढे आलं. तेव्हापासून मोबाइलवर भागाकार करून आलेले नातेवाईक मला भेटतात. त्यांना मी विचारते, ताप होता का, दात काढला होता का, कीमोआधीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं होतं का? यांतल्या कशानंही न्यूट्रोफिल उसळतात. हजारोंच्या सरासरीला शोभणारं गुणोत्तर मंगळवारी सकाळी काढलेल्या एका नळीभर रक्ताला शोभेलच असं नाही.

आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरची रांग संपत नाही. मावा, गुटखा, मिश्री, तंबाखू-चुना. गालाच्या आत आणि हिरडीलगत गाठ. तिथेही काठ पाहावाच लागतो. रोग सलग फळीनं पुढे सरकतोय की चार-चार पेशींच्या तुटक टोळ्यांनी, आणि त्या काठावर लिम्फोसाइटांची सलग पट्टी आहे का, हे दोन्ही मी लिहिते. पट्टी तुटकी आणि टोळ्या विखुरलेल्या असल्या की रोग परतण्याचा धोका जास्त, हा अनेक ठिकाणचा अनुभव.

आणि याच पेशींचा ब्रेक सोडवणारी औषधं आता आपल्याकडेही आहेत. लिम्फोसाइटवर पीडी-1 नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सर तो दाबून धरतो आणि काठावर आलेली पेशी नुसती उभी राहते. तो ब्रेक आणि तसाच दुसरा एक ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो, या शोधासाठी तासुकू होंजो आणि जेम्स अॅलिसन यांना 2018 चं नोबेल मिळालं. औषधाची किंमत ऐकून मात्र आमचे पेशंट उठून जातात. म्हणून मला परळच्या टाटा मेमोरिअलचं काम मोलाचं वाटतं. तोंड-घशाचा, बरा होण्यापलीकडे गेलेला कॅन्सर असलेल्या 151 जणांच्या चाचणीत निम्म्यांना तोंडावाटेच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब दिलं, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षाअखेर जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. 2023 मध्ये हे छापून आलं. परळच्या दारातल्या गर्दीची ऐपत पाहून मांडलेला हा प्रयोग होता.

आकडा रिपोर्टवर आला आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आणि त्यांचे यजमान रिपोर्ट घेऊन आत आले. ट्रिपल निगेटिव्ह, दोन सेंटिमीटरची गाठ, काखेत काही नाही. यजमानांनी ‘टिल्स: 60 टक्के’ या ओळीखाली पेनानं दोनदा रेघ मारली होती.

“मॅडम, साठ टक्के पसरलाय का?”

“अहो, जरा थांबा, मला विचारू दे,” म्हणत बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. “मी कालपासून एवढंच बघतेय. साठ म्हणजे जास्तच की.”

मी त्यांना मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्यावर बसवलं. हे मोठे ते रोगाचे, हे बारीक निळे तुमचे. साठ टक्के हे तुमच्यांचं माप. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग शिक्षिकेनं विचारावा तसाच प्रश्न आला: “मग मी पास का?”

पेशी चांगल्या प्रमाणात आहेत, या प्रकारात ती जमेची बाजू आहे, हे मी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हा आकडा तुमच्यासारख्या हजार जणींचं काय होतं ते सांगतो, तुमचं एकटीचं सांगत नाही. कीमो ठरल्याप्रमाणे पूर्ण करायची. यजमानांचा चेहरा थोडा उतरला. बाईंचा नाही. “कळलं,” एवढंच म्हणाल्या आणि कीमोची तारीख विचारायला खाली गेल्या.

त्याच सुमाराला एक गृहस्थ बहिणीचा रिपोर्ट घेऊन हसतमुखानं आले होते. ‘फक्त पाच टक्के!’ त्यांना खरा अर्थ सांगणं जास्त जड गेलं. तेव्हापासून आमच्या रिपोर्टवर आकड्याखाली मराठीत एक ओळ छापलेली असते: ‘ही टक्केवारी रोगाच्या प्रसाराची नाही, शरीराच्या संरक्षक पेशींची आहे.’

इतक्या वर्षांनंतर माझं मत विचाराल तर ते असं: टिल्स हे आपल्या देशाला परवडणारं कॅन्सरचं सगळ्यात स्वस्त मोजमाप आहे. जास्तीचा रंग नाही, परदेशी किट नाही. पाहणाऱ्याची पाच मिनिटं लागतात. ते फुकट जातं ते आमच्यापर्यंत पोचण्याआधी. गाठ काढल्यावर तासाच्या आत ती कापून, तिच्या दहापट फॉर्मालिनमध्ये बुडायला हवी. निदान सहा तास ती त्यात मुरली पाहिजे आणि तीन दिवसांहून जास्त राहता कामा नये. प्रत्यक्षात स्तनाची अख्खी गाठ, न कापता, तोंड बांधलेल्या पिशवीत वाटीभर फॉर्मालिनसह एसटीनं आलेली मी पाहिली आहे. बाहेरून शिजल्यासारखी, आतून नासलेली. ग्रॉसिंगच्या टेबलावर सुरी घातली की वासावरूनच आमचे मामा म्हणतात, “मॅडम, हिच्यात काय दिसायचं नाही.” आणि खरंच दिसत नाही. सडलेल्या भागात लिम्फोसाइट तर सोडाच, रोगाचा प्रकारही धड सांगता येत नाही.

तेव्हा वाचकांना दोनच विनंत्या. घरात कुणाची गाठ काढायची वेळ आली तर ऑपरेशनच्या आधीच विचारा: गाठ कोणत्या लॅबला जाणार, फॉर्मालिनमध्ये लगेच टाकणार ना, आणि रिपोर्टवर टिल्स लिहून मिळतील का? विचारण्यात संकोच करू नका, चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही. दुसरी विनंती ब्लॉकची. तपासून झाल्यावर त्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत लॅबमध्ये असतात. पुढे औषध बदलायची वेळ आली, दुसऱ्या शहरात दाखवायचं ठरलं, नवी तपासणी निघाली, तर उपयोगी पडतात ते हेच ठोकळे. जुना कागद तेवढ्या कामाचा नाही. लॅब ते ठरावीक मुदतीपर्यंतच सांभाळते. लागतील तेव्हा सही करून मागून घ्या, स्लाइडसकट घ्या, आणि उन्हापासून लांब, रिपोर्टच्या फायलीसोबत घरातल्या कपाटात ठेवा.